कारकुनाचा फुटबॉल

अण्णा,

परवा गावाकडं जाऊन आले. तुमच्या धाकट्या लेकाच्या मुलाला मुलगी झाली, तिचं नामकरण होतं. विहारात वंदना झाली, मग मांडवात पंगत बसली, आणि वाढता वाढता कुणीतरी सांगायला लागलं की अमक्याच्या पोराला लातूरला एकाच दिवशी तीन नोकऱ्या चालून आल्या. तेव्हा धाकट्याचा मुलगा, म्हणजे तुमचा सख्खा नातू, वरणाची बादली खाली ठेवून म्हणाला, "राहू द्या काका, हा तर कारकुनाचा फुटबॉल झाला." अख्खी पंगत हसली. मीही हसले. त्याला ठाऊक नाही की तो कारकून म्हणजे त्याचा आजोबा. आता गावात बहुतेक कुणालाच ठाऊक नाही. आपल्याकडं थापेला थाप म्हणत नाहीत, कारकुनाचा फुटबॉल म्हणतात, आणि अहमदपूरच्या बसस्टँडवर मी हे शब्द अनोळखी माणसाच्या तोंडून ऐकलेत. तुम्ही थापाडे नव्हता. तुम्हांला थापाडं मी ठरवलं, भर विहारात, शंभर माणसांसमोर, वयाच्या सतराव्या वर्षी. ते शब्द मागं घ्यायला मला चाळीस वर्षं मिळाली आणि परवासुद्धा मी वरणभात कालवत हसत होते. म्हणून नांदेडला परत आल्यावर पिशवीही न उघडता आधी हे लिहायला बसले आहे.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी सात वर्षांची. गावाखालच्या ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं आणि सातवी पास म्हणून तुम्हांला तिथं मस्टर कारकुनाचं काम मिळालं. सकाळी मजुरांची हजेरी घ्यायची, संध्याकाळी मिस्त्री टेप घेऊन आला की कुठल्या गँगनं किती माती काढली ते लिहून ठेवायचं. पहिल्या चार यत्ता तुम्ही निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेले, त्यामुळं आकडे मराठीत आणि शेरे उर्दूत असं तुमचं ते मस्टर असायचं आणि ओव्हरसियर वैतागायचा. आपल्या लोकांनी दीक्षा घेऊन तेव्हा पुरती सोळा-सतरा वर्षंही झाली नव्हती. आपल्या वस्तीतला माणूस नाव पुकारतो आणि वरल्या आळीची माणसं हात वर करून "हाय" म्हणतात, याचं मायला इतकं अप्रूप की डोक्यावर मातीची पाटी घेऊन ती मुद्दाम वळसा घालून तुमच्या समोरून जायची. तुम्ही तिच्याकडं बघायचा नाहीत. ड्युटीवर असताना बायकोकडं बघणं तुम्हांला बरं वाटत नसे.

त्याच उन्हाळ्यात गावात बोअर पाडायचं मशीन आलं आणि मशीनबरोबर एक गोरा पोरगा आला, अमेरिकेचा, पंचविशीतला, उन्हानं नाक सोलून निघालेला. तो शाळेच्या खोलीत दोन महिने राहिला. तुमचं इंग्रजी यस, नो आणि वॉटर एवढंच, पण गावात तेवढंही दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, म्हणून तो तुमच्या मागं मागं असायचा. एकदा मायनं त्याला रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी वाढली. ती मिलो त्याच्याच देशातून बोटीनं आलेली, ती खाऊन आमची पोटं दुखायची, आणि या बाबानं एक घास खाऊन विचारलं की हे कसलं धान्य आहे. माय पदर तोंडाला लावून हसली होती. जाताना त्यानं तुम्हांला एक पुस्तक दिलं. निळ्या पुठ्ठ्याचं, जाडजूड. त्याच्या गावच्या फुटबॉल संघाचा इतिहास होता तो. पगार घेऊन खेळणाऱ्या गड्यांचा संघ, आणि तो फुटबॉलही आपल्याकडं शाळेत लाथा मारून खेळतात तो नव्हे. लांबट, दोन्ही टोकांना निमुळता गोळा छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी आडवं पाडायचं, असला रांगडा खेळ. नांदेडच्या वजिराबादेत फुटपाथवर तुम्ही एक जुनी इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतलीत आणि वाचायला बसलात.

कामावर दुपारची सुट्टी झाली की बाभळीखाली माणसं भाकरी सोडायची. तिथं तुम्ही तो खेळ त्यांना समजावून सांगितलात. मी तिथंच होते, मायच्या मांडीला टेकून. "चार डाव मिळतात," तुम्ही म्हणालात. "चार डावांत दहा हात पुढं सरकायचं. न्हाई सरकलं तर गोळा दुसऱ्या गँगला." एका गँगचा मुकादम म्हणाला, "आन् दहा हात झाले का न्हाई, ते कोण ठरविणार?" तुम्ही म्हणालात, "दोघं जण जरीब घेऊन पळत येतात. भर मैदानात ताणून मोजतात." जरीब म्हणजे जमीन मोजायची साखळी, आपल्याकडं लहान पोरालाही माहीत होती. मग बायकांनी जे हसायला सुरुवात केली ते थांबेचनात. "तिथंबी मोजणी हाय म्हणा की." "मंग तिथला मिस्त्रीबी कमीच मोजत असंल." त्या दिवसापासून तो संघ आपल्या कामावरचा झाला. कॅप्टन म्हणजे मुकादम, शिकवणारा तो वस्ताद, आणि संघाचा धनी तो मालक. दिवसभर मातीच्या पाट्या वाहणाऱ्या माणसांना दहा हात सरकायला काय लागतं हे निराळं सांगावं लागलं नाही.

वर्षावासाचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायची आपली रीत. त्या वर्षी पाऊस नव्हता, पण वर्षावास तर होताच, आणि वाचायचं काम तुमच्याकडं होतं. तीच रीत तुम्ही बाभळीखाली लावलीत. "काल आपण इथवर आलो होतो," म्हणून सुरू करायचं आणि "उद्या इथून म्होरं," म्हणून थांबायचं. गिरणीतले कामगार कामावरून सुटल्यावर कसे खेळायचे, पहिला मालक कसा बुडाला, थंडीनं गोळा कसा दगडासारखा व्हायचा. तो संघ हरायचाच. वर्षामागून वर्षं हरायचा. आणि मग एके दिवशी तुम्ही सांगितलंत की मालकानं तो सगळाच्या सगळा उचलून हजार कोसांवरच्या दुसऱ्या शहरात नेला. लोक सकाळी उठले तर संघ नाही. खडी फोडणाऱ्या गँगमध्ये एक म्हातारी होती, लेकरं पुण्याला निघून गेलेली, एकटीच राहायची. तिला सगळे आजी म्हणायचे. ती हातातला हातोडा खाली ठेवून म्हणाली, "मंग त्या गावच्या मान्सांनी काय केलं रं?" तुम्ही पान उलटून पाहिलंत, मागचं पाहिलंत, पुढचं पाहिलंत. "बुकात न्हाई, आजी," म्हणालात. "तो मशीनवाला पोरगा त्याच गावचा होता. त्याला इचारायचं राहून गेलं." पुढं आठ दिवस ती रोज तेच विचारायची आणि तुम्ही रोज तेच उत्तर द्यायचात. तुम्हांला काहीही रचून सांगता आलं असतं. तिथं कोण तपासणार होतं?

दुष्काळ सरला, तलावाचं काम संपलं, तुम्हांला अहमदपूरला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कायम केलं, पण पुस्तक सुटलं नाही. सकाळी माय चुलीपुढं भाकऱ्या थापत असायची आणि तुम्ही भिंतीला टेकून, एका मांडीवर बुक, दुसऱ्या मांडीवर डिक्शनरी, कानावर पेन्सिल. आठवड्याला एक पान व्हायचं, कधी तेही नाही. दर वर्षावासात ग्रंथ संपला की लोक म्हणायचे, "कारकून, आता तुमचं बी चार पानं होऊन जाऊ द्या," आणि तुम्ही पुन्हा पहिल्यापासून लावून, वर्षभरात जेवढं नवं उलगडलं तेवढं शेवटी जोडायचात. मी पाचवीत असताना चुलीपाशी बसून धडा वाचत होते आणि एक अवघड उतारा गाळून पुढं गेले. तुम्हांला धडा ठाऊक नव्हता तरी बरोबर कळलं. डोक्यात पेन्सिल मारून म्हणालात, "ज्यानं लिव्हलं त्याला काय वेड लागलं होतं का? समदं वाच." मला राग आला. पुढं पुढं तर पुस्तकाच्या मागं दिलेल्या आकड्यांच्या याद्यासुद्धा तुम्ही ओळ न् ओळ वाचता म्हणून मी मैत्रिणींजवळ तुमची टिंगल करायची. याद्यांना तुम्हांला दोन वर्षं लागली होती.

दहावीला मी तालुक्यात मुलींत पहिली आले. तुमचे थोरले भाऊ, आमचे तात्या, पेढा खाऊन म्हणाले, "चांगलं झालं. आता उदगीरच्या पाहुण्यांना होय कळवून टाकू." तुम्ही म्हणालात, पोरगी लातूरला शिकणार. तात्या तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, वस्तीत त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे, तुम्हीही कधी गेला नव्हता. विहारात बैठक बसली. तात्या म्हणाले, "तिथं ठिवून तिला कलेक्टर करून राहिलास का? आन् पोरगी नुसती पाठ करून पास झाली असंल तर? आत काई नसंल तर?" तुम्ही हात जोडून उभे राहिलात आणि म्हणालात, "दोन वर्सं द्या, दादा. पोकळ निघाली तर मी सोता आणून उजवून टाकतो." मी दाराआड होते. पाहुण्यांना थांबायला सांगितलं गेलं, नाही म्हणून कळवलं नव्हतं. समाजकल्याणच्या वसतिगृहात माझी ट्रंक पोचवून तुम्ही परत फिरलात तेव्हा मला तुमच्यापेक्षा त्या उदगीरच्या माणसाचीच आठवण जास्त येत होती, ज्याला मी पाहिलंही नव्हतं. लातूरला मी जिवाच्या करारानं अभ्यास केला, आणि खरं सांगते, थोडी शेफारलेही. इंग्रजीच्या बाई वर्गात माझा निबंध वाचून दाखवायच्या.

मी बारावीत असताना लातूर जिल्हा झाला. आपला तालुका उस्मानाबादेतून काढून लातुरात घातला. गावात गुलाल उधळला, शाळेत जिलेबी वाटली, आणि पारावर लोक तुम्हांला म्हणाले, "कारकून, तुमच्या फुटबॉलवाल्यांसारखं झालं की. जागचं न हलता आपलं गाव दुसरीकडं गेलं." तुमचं ऑफिस कुठल्या जिल्ह्याखाली राहणार हे चार महिने ठरत नव्हतं, तुम्ही दोन्हीकडं अर्ज देऊन बसला होता, पण पत्रात त्यातलं काही नव्हतं. पत्रात एवढंच होतं: वर्षावासाच्या समाप्तीला ये, या वर्षी बुक पुरं होतंय.

मी आदल्या दिवशी आले. दुपारी घरात कुणी नव्हतं, म्हणून पेटीतून ते निळं पुस्तक काढलं. तुम्हांला दहा वर्षं लागलेली गोष्ट मी तासाभरात उरकली. चाळलं, इथून दोन ओळी, तिथून चार. शेवटच्या प्रकरणात नव्या शहरातला तो संघ अगदी शेवटच्या सामन्यापर्यंत पोचतो आणि हरतो, मालक तोंड झाकून बसतो, संपलं. पुढं याद्या. मी पुस्तक मिटून जागच्या जागी ठेवलं आणि मनात म्हटलं, एवढ्यासाठी एवढं अवडंबर.

दुसऱ्या दिवशी समाप्तीचं भोजनदान झालं, खीर झाली, भर दुपारी विहाराच्या अंगणात माणसं पान खात बसली आणि तुम्ही बुक घेऊन उभे राहिलात. अंगात इस्त्रीचा सदरा. आजी पुढच्या रांगेत, आता पार वाकलेली. तुम्ही सांगू लागलात. मैदानावर बर्फ पडलंय, पांढऱ्या रेघा दिसत नाहीत, लोक खाली उतरून खराट्यानं रेघा झाडून काढतायत. आखरी पाळी, चौथा डाव. गडी गोळा घेऊन पडतो, वर ढीगभर माणसं. दोघं जरीब घेऊन धावत येतात. ताणतात. "आन् गोळा एक बोट म्होरं," तुम्ही म्हणालात, आणि बोट वर धरलंत. "जिंकले." तुमचा आवाज फाटला होता. माणसांनी टाळ्या वाजवल्या, आजी पदरानं डोळे पुसायला लागली, कुणीतरी म्हणालं, नवा जिल्हा यांनाबी लाभला. ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात आलं की हे अण्णांनी जोडलंय. जिल्ह्याच्या आनंदात लोकांना खूश करायला जोडलंय. मी उभी राहिले. का उभी राहिले, अण्णा? मला कुणी विचारलं नव्हतं. तुमची लाज वाटली म्हणावं तर तसंही नव्हतं; मला नुसतं दाखवायचं होतं. म्हणाले, "अण्णा, पुस्तकात असं नाही. मी वाचलंय. पुस्तकात ते हरतात."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, आणि तुमचं बोट पुस्तकात होतं, पान धरून. ते पान तुम्ही उघडायला लागलात, हे मी स्वतः पाहिलं. तेवढ्यात तात्या म्हणाले, "काय म्हणून राहिली पोरगी?" तुम्ही तात्यांकडं पाहिलंत, मग पुन्हा माझ्याकडं. मग पानातून बोट काढलंत आणि पुस्तक मिटलंत. "तिचं खरं असंल, दादा," म्हणालात. "ती इंग्रजी शिकून राहिली. मी डिक्शनरी घेऊन वाचणारा माणूस. माझंच चुकलं." तात्या मोठ्यानं हसले, "म्हंजे दहा वर्सं तू आमाला फुटबॉल खेळवून राहिलास का रं?" मग सगळेच हसले. आजीनं विचारलं, "मंग जिंकलेच न्हाईत का?" तुम्ही तिच्याजवळ जाऊन, खाली वाकून म्हणालात, "न्हाई, माय." उभ्या जन्मात तुम्ही सांगितलेली ती एकच थाप.

संध्याकाळी तात्या घरी आले आणि मायला म्हणाले, "पोरगी बापालाबी चूक दाखविती. आत हाय काईतरी. शिकू दे." उदगीरला नकार गेला. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कंधारच्या रस्त्यावर बसपर्यंत सोडायला आलात. बस दिसली तेव्हा पिशवीतून डिक्शनरी काढून माझ्या हातात दिलीत. "आता तुला लागंल. मला कशाला?" मी आनंदानं घेतली. त्यानंतर तुम्ही विहारात ग्रंथ वाचलात, पण फुटबॉलचं एक अक्षर काढलं नाहीत. लोक हौसेनं म्हणायचे, कारकून, होऊन जाऊ द्या एखादी थाप, आणि तुम्ही हसून पानाचा डबा पुढं करायचात. आजी पुढच्या उन्हाळ्यात वारली. मी बीए झाले, एमए झाले, नांदेडला ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले. तीस वर्षं पोरांना ओरडत आले की धडा शेवटपर्यंत वाचा.

ते प्रकरण आहे, अण्णा. तुम्हांला हे सांगणं म्हणजे नुसता चावटपणा झाला, पण मला एकदा लिहायचं होतं. एका संध्याकाळी माझ्या घरी, पलंगावर बसून मी ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचते आहे, पहिल्यांदाच. हरण्याचं प्रकरण संपतं. मग याद्या, छत्तीस पानं नुसती नावं आणि आकडे, आणि याद्यांनंतर दोन कोरी पानं. तिथं कुठलाही शिकलेला माणूस पुस्तक मिटतो. याद्या आल्या म्हणजे पुस्तक संपलं, हे आम्हांला शाळेत न शिकवताच कळलेलं असतं. तुम्हांला ते कुणी सांगितलं नव्हतं. कोऱ्या पानांच्या पलीकडं सतरा पानांचं नवं प्रकरण आहे, नंतरच्या आवृत्तीत जोडलेलं. बर्फ आहे. खराटे आहेत. इंग्रजी शब्दावर तुमच्या पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'खराटा' लिहिलंय. चौथा डाव आहे. गोळा किती पुढं होता, तर पुस्तकातही एका बोटाएवढाच म्हटलंय. तुम्ही पदरचं अर्धं बोटही घातलं नव्हतं. साऱ्या पुस्तकात पेन्सिल सगळ्यांत दाट त्या सतरा पानांवर आहे, आणि समासात एके ठिकाणी उर्दूत चार ओळी आहेत. मला उर्दू येत नाही. कॉलेजातल्या उर्दूच्या सरांना दाखवल्या. त्यांनी चष्मा वर करून वाचल्या आणि म्हणाले, लिहिलंय की हे या वर्षी पोरगी आल्यावर वाचायचं, तिला ऐकू द्यायचं. मग त्यांनी विचारलं, मॅडम, हे अक्षर कुणाचं? मी म्हणाले, जुन्या बाजारातलं पुस्तक आहे, कुणाचं असेल कुणास ठाऊक.

लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं, हे कागद धाकट्याच्या मुलाकडं पाठवीन, तो पंगतीत वाचून दाखवील आणि तो शब्द गावातून पुसला जाईल. आता नाही वाटत. मी स्वतःला चांगली ओळखते. सकाळी उठून पाकीट शोधीन, सापडणार नाही, आणि मग ते राहून जाईल. तो शब्द माझ्यामागंही चालेल.

आणि तुम्ही गेल्यावर, तुमची पेटी आवरताना ते प्रकरण सापडलं, असं लिहिलं असतं तर शोभून दिसलं असतं. पण तसं झालं नाही. माय गेल्यावर तुम्ही पेटी घेऊन माझ्याकडं नांदेडला राहायला आलात, आणि आल्याच्या महिन्यात मी ते वाचलं. तुम्ही भिंतीपलीकडं बसून रेडिओवर बातम्या ऐकत होता. वाचून झाल्यावर मी पुस्तक कपाटात साड्यांच्या खाली घातलं. पुढं चार वर्षं तुम्ही माझ्या घरात होता, रोज सकाळी माझ्या हातचा चहा घेत होता, आणि मी एक शब्द काढला नाही. शेवटच्या उन्हाळ्यात तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, दुपारची वेळ, मी शेजारी बसून द्राक्षं सोलून देत होते. तुम्ही म्हणालात, "बाई, ते निळं बुक हाय का गं? शेवटलं तेवढं वाचून दाखव. तुझ्या तोंडून कसं वाटतंय ते एकदा आयकायचंय." कपाट माझ्या पाठीमागं होतं, चार पावलांवर. मी म्हणाले, "अण्णा, ते सापडत नाही. हललं असेल कुठंतरी." तुम्ही चाचपडत माझा हात धरलात आणि म्हणालात, "असू दे, असू दे. तुला पेपर तपासायचे असतील, जा." मी "हो, बरेच आहेत," म्हणाले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. कॉलेजला सुट्ट्या होत्या, अण्णा. माझ्याकडं तपासायला एकही पेपर नव्हता.